रथ थांबवण्याची मुभा

इंग्लंडमध्ये २०१५ पासून ‘डिग्री अप्रेंटिसशिप’ सुरू झाली. बारावीच्या वयाची मुले-मुली थेट मोठ्या कंपनीत रुजू होतात, पगार घेतात आणि त्याच नोकरीत काही वर्षांत पदवीही मिळवतात. फी त्यांना भरावी लागत नाही. विल्टशरमधल्या माम्सबरी गावी व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्या डायसन कंपनीने २०१७ मध्ये यासाठी स्वतःची संस्थाच काढली. तीन दिवस अभियंत्यांबरोबर प्रॉडक्ट डेव्हलपमेंटचे काम आणि दोन दिवस वर्ग, असा तिथला आठवडा. सुरुवातीला पदवी वॉरिक विद्यापीठाची होती. २०२० मध्ये पदवी देण्याचा अधिकार संस्थेलाच मिळाला. म्हणजे पगार देणारा, काम सांगणारा आणि शिकल्याचा दाखला देणारा एकच झाला. अशा व्यवस्थेची चर्चा बहुधा खर्च आणि नोकरीची हमी यांपाशी संपते. पण तिच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. कर्म करता करता ज्ञान होते का? आणि होत असेल, तर तेवढे पुरते का?

पहिल्या प्रश्नाला आपल्याकडचा सर्वांत वजनदार नकार शंकराचार्यांचा. कर्माने चित्त शुद्ध होईल, पण ज्ञान कर्मातून निपजत नाही, अशी त्यांची भूमिका. त्यांचा विषय ब्रह्मज्ञान होता, व्हॅक्यूम क्लीनर नव्हता, हे खरेच. समाजात मात्र ज्ञान वर आणि हातांचे काम खाली ही उतरंड इतका बारीक विवेक ठेवून कधी वागली नाही. ग्रंथ एकाच्या घरी आणि अवजार दुसऱ्याच्या, आणि ज्याच्या घरी अवजार त्याला ग्रंथाची बंदी. जात ही केवळ श्रमांची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये सांगितले ते याच जखमेवर बोट ठेवून. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली. पांढरपेशा घरांनी तिचे कौतुक केले आणि आपली मुले दुसरीकडे घातली. युक्तिवादाच्या पातळीवर त्या नकाराला चोख उत्तर दिले ते ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी, १९४५ च्या एका व्याख्यानात. प्रत्येक शहाण्या कृतीच्या आधी नियमाचा विचार करावाच लागत असेल, तर तो विचार हीही एक कृतीच; मग ती शहाणपणाने करण्यासाठी आणखी एक विचार हवा, आणि या साखळीला शेवट नाही. तेव्हा करण्यातच काही जाणणे असते, हे मानल्यावाचून सुटका नाही.

प्रॉडक्ट डेव्हलपमेंटमध्ये तर हे पावलोपावली दिसते. एखाद्या यंत्राचे साधे प्लास्टिकचे झाकण घ्या. ते किती ताण सोसेल हे सूत्राने काढता येते. पण साच्यातून निघून गार होताना ते कुठे मुरडेल, जोडणी करणाऱ्या बाईचा अंगठा त्या खाचेपर्यंत आरामात पोचेल का, खिट्टी बसतानाचा आवाज ग्राहकाला भरवशाचा वाटेल की हलका, हे सांगायला पाच-पन्नास झाकणे हाताखालून जावी लागतात. पिशवी नसलेल्या आपल्या पहिल्या व्हॅक्यूम क्लीनरसाठी ५,१२७ प्रोटोटाइप करावे लागले, असे जेम्स डायसन सांगतात. त्या प्रत्येकातून जे कळले ते सगळे लिहून काढा म्हटले तर त्यांनाही जमणार नाही. आपल्याला सांगता येते त्याहून अधिक आपण जाणतो, हे तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यींचे निरीक्षण याच जातीचे. आणि असे ज्ञान शेजारी बसूनच मिळते. म्हणून अठराव्या वर्षी डिझाइन रिव्ह्यूच्या टेबलाशी जागा मिळालेला अप्रेंटिस हा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यापेक्षा कमी शिकतो, ही समजूत मला सरळ सरळ खोटी वाटते.

तरीही दुसरा प्रश्न उरतोच, आणि खरी अडचण तिथे आहे. काम शिकवते ते साधनांचे शहाणपण. झाकण हलके कसे करावे, खर्च कसा कमी करावा, तारीख कशी गाठावी. मुळात ही वस्तू का करायची, कुणाच्या जिवावर करायची, हे ठरवणारा ब्रीफ वरून आलेला असतो. २०१५ मध्ये उघडकीला आलेले फोक्सवॅगनचे प्रकरण आठवा. गाडी चाचणीला लावली आहे हे ओळखून तेवढ्यापुरतेच प्रदूषण आटोक्यात ठेवणारे सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत होते. ते लिहिणाऱ्यांकडे कौशल्याची वाण नव्हती. कंपनीच्या एका अभियंत्याला अमेरिकेच्या न्यायालयाने २०१७ मध्ये ४० महिन्यांची कैद सुनावली. यावर कुणी म्हणेल, ही माणसे पदवीधरच होती की. मग पदवीने काय साधले? आक्षेप बिनतोड आहे, आणि मला तो मान्यही आहे. पदवीचे तास साधनांचेच शहाणपण आणखी वरच्या इयत्तेत शिकवत असतील, तर कंपनीतले तीन दिवस आणि वर्गातले दोन दिवस यांत फरक एवढाच, की दोन दिवस फळ्यासमोर जातात.

इथे गीतेकडे वळावेसे वाटते, पण तिच्या उपदेशाआधी तिच्या जागेकडे. हा संवाद गुरुकुलात होत नाही, युद्ध आटोपल्यावर शिबिरातही होत नाही. कामाच्या ऐन ठिकाणी, दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ थांबवून तो होतो. प्रश्न विचारणारा आपल्या विद्येत निष्णात आहे. बाण कसा मारावा हे त्याला कुणी शिकवायचे उरलेले नाही. मारावा का, एवढेच त्याला विचारायचे आहे. आणि सगळे सांगून झाल्यावर अठराव्या अध्यायात कृष्ण म्हणतो, याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. कर्मयोगाचा हा कणा आहे, असे मी समजतो. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ज्ञान झाल्यावरही कर्म सोडू नये हे ठासून मांडले. त्याला जोडून एवढेच म्हणावेसे वाटते, की कर्म न सोडण्याचा आग्रह नैतिक ठरतो तो नाही म्हणण्याची वाट खुली असेल तरच. डिग्री अप्रेंटिसशिपमधल्या वर्गाच्या दिवसाचे समर्थन मला याच एका कारणावर पटते. त्या दिवशी रथ थांबला पाहिजे.

कर्मयोगाचा दाखला देऊन नेमके उलटही सांगितले जाते: काम कर, फळाची आशा धरू नकोस. कंपन्यांना हे वचन आवडावे यात नवल नाही. ब्रिटनच्या १९७७ च्या पेटंट कायद्याचे कलम ३९ तर जवळजवळ हेच सांगते. नेहमीच्या कामाच्या ओघात नोकराने लावलेला शोध मालकाचा. पण फळ आपण होऊन सोडणे वेगळे आणि ते करारानेच आधी काढून घेतलेले असणे वेगळे. शिवाय फळाची आसक्ती नको याचा अर्थ परिणामाची फिकीर नको असा होत नाही. तसा अर्थ घेतला, तर ते सॉफ्टवेअर लिहिणाराही निष्काम कर्मयोगी ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक घरगुती आणि म्हणून अधिक चिवट. ज्याचे मीठ खातो त्यालाच प्रश्न विचारायचे? विसाव्या वर्षी, दुसऱ्याच्या पगारावर आणि दुसऱ्याच्या खर्चाने शिकताना? महाभारतात याचेही उत्तर आहे, आणि ते भीष्मांच्या तोंडून येते. माणूस अर्थाचा दास असतो, कौरवांनी मला अर्थाने बांधून टाकले आहे, असे ते युद्धाच्या सुरुवातीला युधिष्ठिराला सांगतात. धर्म त्यांच्याइतका कुणाला ठाऊक होता? खाल्ल्या मिठाला ते जागले आणि आपल्याला अधर्माची वाटणारी बाजू लढवत राहिले. विद्यापीठात जाणारा विद्यार्थी या बाबतीत मोकळा असतो असेही नाही. इंग्लंडमध्ये वर्षाला नऊ हजार पौंडांहून अधिक फी कर्जाने भरून बाहेर पडलेला पदवीधर समोर येईल ती नोकरी धरतो. बांधलेले दोघेही, अप्रेंटिसचा दोर तेवढा आधीपासून दिसतो.

म्हणूनच नाही म्हणण्याच्या मुभेची हमी सद्भावनेवर सोडून चालणार नाही, ती कायद्यात हवी. इंग्लंडमधला अप्रेंटिस हा रीतसर कर्मचारी असतो. लोकहितासाठी गैरप्रकार उघड करणाऱ्याला संरक्षण देणारा १९९८ चा कायदा त्यालाही लागू पडतो. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये अप्रेंटिसशिप अंतर्भूत असलेल्या पदवीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि पुण्या-मुंबईचे उद्योग अशा मुलांची वाट पाहत आहेत. पण १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे कलम १८ सांगते, की शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे आणि कामगार कायदे त्याला लागू नाहीत. ज्याला कामगाराचे संरक्षण नाही आणि विद्यार्थ्याची मोकळीकही नाही, त्याच्याकडून ‘हे करू नये’ असे म्हणण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. या पदव्या वाढवण्याआधी आयोगाने आणि सरकारने कलम १८ पुन्हा वाचावे.