हात सैल, गुडघे घट्ट (गीता ६.३५)



मागच्या रविवारी गारगोटीत, वेदगंगेकाठी ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात, मावसभावाची इलेक्ट्रिक डर्ट बाईक शिकायला घेतली. इंजिनिअर माणूस, भलताच आत्मविश्वास! पण हिला क्लच नाही, गिअर नाही, आवाजही नाही. मोटर शून्यापासूनच पूर्ण जोर देते. मूठ जरा जास्त पिळली आणि गाडी उसळली. मी मागे झुकलो, घाबरून हँडल गच्च धरलं, आणि त्या धरण्यानेच मूठ आणखी पिळली गेली. बांधावर पुतण्या उभा होता. गाडी त्याच्या हातभर अंतरावरून गेली. तो वाचला, मी मातीत. उठून ओरडलो कुणावर? त्याच्यावरच!

रात्री झोप लागेना. सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो, मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. भगवंत त्याला खोडून काढत नाहीत. मान्य करतात, आणि दोन उपाय सांगतात: अभ्यास आणि वैराग्य. वैराग्य म्हणजे गाडीच सोडून देणं, असं मला वाटायचं. सकाळी भाऊ म्हणाला, "गुडघ्यानं गाडी धर, हात सैल सोड, नजर लांब ठेव." गाडी सोडायची नव्हतीच, घाबरलेली पकड सोडायची होती. आणि ती एका दिवसात सुटत नाही, म्हणून अभ्यास.

पण त्याआधी पोराची माफी मागितली. मगच गाडीला किल्ली लावली.

आज राग उसळला, तर आधी आपली मूठ बघूया.

राम कृष्ण हरी.