खेळातले नित्यकर्म

ओपन वर्ल्ड गेम म्हणजे खेळाडूला एका विस्तीर्ण जगात मोकळे सोडणारा व्हिडिओ गेम. त्यात मुख्य कथेच्या जोडीला एक दुसरे काम अखंड चालू असते. पात्राला जेवू घालायचे, पाणी पाजायचे, निजवायचे. कुऱ्हाडीला धार लावायची, बंदुकीला तेल द्यायचे, फाटका कोट शिवायचा, घोड्याला खरारा करायचा, सरपण गोळा करायचे. या कामांनी कथा तसूभरही पुढे सरकत नाही. ती टाळली तर मात्र सगळे अडते. खेळाडू त्यांना कंटाळतात, त्यांच्याविषयी कुरकुरतात, आणि नेमके याच कामांवर उभे असलेले खेळ आवडीने खेळतात.

पडद्यावरच्या आकृतीला पोट नसते आणि तिच्या कुऱ्हाडीचे पाते आपोआप बोथट होत नाही. तिथली प्रत्येक भूक कोणीतरी आकडेमोड करून लिहिलेली असते. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कर्माशिवाय शरीरयात्रासुद्धा चालणार नाही असे अर्जुनाला सांगितले आहे. तिथे शरीर आधीच आहे आणि त्याची यात्रा टळण्याजोगी नाही. खेळात ती टळण्याजोगी आहे. मग ती मुद्दाम का निर्माण करायची, आणि माणसाने ती का पत्करायची?

भूक खेळात आली ती आधी पहारेकरी म्हणून. 1980च्या सुमाराचा ‘रोग’ हा भुयारांत भटकण्याचा संगणकीय खेळ. त्यात शिदोरी संपली की पात्र भुकेले होई, मग अशक्त, मग त्याला भोवळ येई. त्यामुळे एका कोपऱ्यात बसून जखमा भरून येण्याची वाट पाहण्याची सोय उरत नसे. पुढे जावेच लागे. पुढे 1996 साली जपानमध्ये आलेल्या तामागोचीने पहारेकऱ्याला पाल्य केले. मुठीत मावणाऱ्या त्या यंत्रातल्या जिवाला भरवायचे आणि त्याची घाण काढायची, एवढाच खेळ होता. ‘माइनक्राफ्ट’मध्ये भुकेची पट्टी आली ती 2011च्या सप्टेंबरमध्ये, खेळ अजून पूर्णावस्थेला पोचायचा होता तेव्हा. त्याआधी तिथे अन्न म्हणजे फक्त औषध होते, खाल्ले की जखम भरे. पट्टी आल्यावर अन्न हे रोजचे देणे झाले. अवजारांनाही आयुष्य मोजून दिलेले असते: लोखंडी कुदळ 250 घावांनंतर मोडते, हिऱ्याची 1561 घावांनंतर.

कोणत्या गरजा निवडायच्या हे निर्माते ठरवतात, आणि त्यांची निवड भारतीय विचाराला फार ओळखीची आहे. वेदान्तात षडूर्मी सांगितल्या आहेत, जीवाला सतत हेलकावणाऱ्या सहा लाटा: भूक आणि तहान प्राणाच्या, शोक आणि मोह मनाचे, जरा आणि मृत्यू देहाचे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य कहोलाला सांगतो की आत्मा या सहांच्या पलीकडचा आहे. जगण्याच्या खेळांचे निर्माते बरोबर उलट्या दिशेने चाललेले दिसतात. ‘द लाँग डार्क’ या कॅनडातल्या हिमप्रदेशावरच्या खेळात, जो पूर्ण रूपात 2017 साली आला, ऊब, थकवा, तहान आणि भूक अशा चार गरजा आहेत आणि पात्र मेले की तो डाव कायमचा पुसला जातो. ‘डोन्ट स्टार्व्ह’ने 2013 साली मनाच्या स्वास्थ्याचीही पट्टी लावली, ती खाली गेली की सावल्यांचे प्राणी अंगावर येतात. झिजणारी शस्त्रे आणि विटणारे कपडे ही जरा. ज्याला एकही ऊर्मी नाही अशा आकृतीला त्या सहाही हळूहळू चिकटवल्या गेल्या. ऊर्मींशिवाय जग नुसते पाहिले जाते, त्यात राहिले जात नाही, ही जाणीव त्यामागे आहे.

या कामांचे स्वरूप नेमके उलगडायचे तर पूर्वमीमांसेइतकी उपयोगी चौकट दुसरी नाही. मीमांसक विहित कर्मांचे भाग पाडतात. काम्य कर्म फळाच्या इच्छेने करायचे. स्वर्ग हवा असेल तर अमुक याग. नैमित्तिक कर्म प्रसंग आला की करायचे. नित्यकर्म मात्र रोजचे: संध्या, सकाळ-संध्याकाळचे अग्निहोत्र. ते केल्याने वेगळे काही हाती लागत नाही आणि चुकवले तर प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. ‘द लाँग डार्क’मध्ये बर्फ वितळवून, उकळून पाणी पिणे हे या अर्थाने शुद्ध नित्यकर्म आहे. प्यायल्याने पात्र बलवान होत नाही, कोणतेही बक्षीस उघडत नाही. न प्यायल्यास ते खंगते.

अशा कर्माला मोल कुठून येते यावर मीमांसकांतच दुमत होते. कुमारिल भट्टांच्या परंपरेत प्रत्यवाय टाळणे हे प्रयोजन पुरेसे मानले जाते. प्रभाकरांच्या मते विधी आहे म्हणून कर्म करायचे. त्याला फळाचा टेकू लावला की त्याचे नित्यत्वच जाते. आणि शंकराचार्यांनी दोघांच्या मुळाशी असलेल्या कल्पनेवरच बोट ठेवले. न करणे हा अभाव आहे, आणि अभावातून दोषासारखी भावरूप वस्तू उपजणार कशी? खेळाच्या बाबतीत ही शंका अक्षरशः तपासून पाहता येते. ‘माइनक्राफ्ट’मध्ये धावणे, उड्या मारणे, खोदणे, लढणे यांनी भूक वाढते, नुसते उभे राहिलेले पात्र उपाशी पडत नाही. तिथे दोष खरोखरच कृतीतून येतो. ‘द लाँग डार्क’मध्ये बसून राहिले तरी उष्मांक खर्च होतात, कारण निर्मात्याने आधीच एक ओसरणारा आकडा चालू करून ठेवलेला असतो, न खाण्याने नवीन काही घडत नाही, चालू असलेली झीज फक्त थांबवली जात नाही. शंकराचार्यांचे म्हणणे या कृत्रिम जगापुरते तरी बरोबर ठरते, आणि खऱ्या शरीराकडे पाहिले तर तिथेही ते बरेच पटते.

नित्यकर्माचे काम्यकर्म करून टाकणे हाही एक मार्ग आहे. स्वीडनमधल्या लहानशा चमूने केलेला, 2021 साली आलेला ‘व्हॅल्हाइम’ तो घेतो. तिथे उपाशी पात्र मरत नाही. जेवले तर ताकद आणि दम वाढतो. तीन वेगवेगळे पदार्थ पोटात असले तर अधिक. अवजार दुरुस्त करायला काही खर्चावे लागत नाही, कामाच्या बाकाशी जावे लागते इतकेच. दंडाची जागा फळाने घेतली, आणि त्या खेळातले रांधणे लोकांना जाचत नाही. ही युक्ती चतुर आहे. तरी तिच्यात काही हरवतेही: फळासाठी जेवणारे पात्र देहधारी राहत नाही, ते हिशेब करणारे होते. प्रभाकरांचा आक्षेप इथे लागू पडतो.

पत्करण्याचा प्रश्न उरतो. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने ‘द ग्रासहॉपर’ या 1978च्या पुस्तकात खेळाची व्याख्या केली ती अशी की अनावश्यक अडथळे स्वेच्छेने स्वीकारून ते पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. 2010च्या ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’मध्ये भूक, तहान आणि झोप लागू करणारी कठोर पद्धत ऐच्छिक ठेवली होती, ती न घेताही खेळ पूर्ण होतो. अशा निवडीला मराठीत व्रत म्हणतात. एकादशीचा उपास करणाऱ्याच्या घरी धान्य असते. नसलेल्याचा तो उपास नव्हे, ती उपासमार. खेळातली भूक ही नेहमी पहिल्या जातीची, म्हणून तिच्यावरून दुसरीविषयी फार बोलू नये. ज्या बाईला पहाटे पाणी भरणे आणि रात्री भांडी घासणे चुकत नाही, तिच्या कामाला थांबवण्याचे बटण नाही.

मग कंटाळा येतो कशाने? सहज सुचणारे उत्तर म्हणजे पुनरावृत्ती. हाना आरेंट यांनी ‘द ह्युमन कंडिशन’मध्ये, 1958 साली, श्रम आणि निर्मिती यांत भेद केला: निर्मितीने टिकाऊ वस्तू मागे उरते, श्रमाचे फळ लगेच वापरून संपते आणि चक्र पुन्हा सुरू होते. झीज रोखण्याच्या रोजच्या कामात पराक्रम दिसत नाही, त्याचा त्रास धोक्याचा नसून अथक पुन्हा-पुन्हा करण्याचा आहे, असे त्यांचे निरीक्षण आहे. ते खरे आहे, पण अपुरे. जपमाळेत एकच नाम एकशे आठ वेळा येते आणि जप करणारा त्याला कंटाळा म्हणत नाही. ‘द लाँग डार्क’मध्ये शेकोटी शंभरदा पेटवावी लागते, पण काड्या किती उरल्या, वारा कुठून आहे, अंधार पडायला किती अवकाश आहे, याचा दर वेळी नव्याने विचार करावा लागतो. त्या कामात लक्ष गुंतते. याउलट यादी उघडून, डब्यावर बोट ठेवून एक बटण दाबले की पट्टी भरली, असे जिथे असते तिथे पाचव्या वेळीच पाट्या टाकणे सुरू होते. काम लहान म्हणून ते नीरस होत नाही. करणाऱ्याकडून लक्ष न मागणारे आणि पलीकडे कोणीच नसलेले काम नीरस होते.

पलीकडे कोणी असले की काय होते हे 2018च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’मध्ये दिसते. 1899च्या अमेरिकेतल्या एका टोळीतला आर्थर मॉर्गन हा त्याचा नायक. त्याला तळावर लाकडे फोडायची, गवताचे भारे आणि पाण्याच्या बादल्या वाहायच्या, सामाईक पेटीत पैसे टाकायचे असतात. या साऱ्यावर कित्येक खेळाडू वैतागले. घोड्याबद्दल मात्र सहसा कोणी तसे बोलत नाही. त्याला खरारा करावा लागतो, चारावे लागते, थोपटावे लागते, आणि हळूहळू तो अधिक विश्वासू होतो. तो मेला तर दुसरा घोडा घ्यावा लागतो. तोच परत मिळत नाही. कथेच्या शेवटी घोडा गोळी लागून कोसळतो, तेव्हा पाठलाग अंगावर येत असतानाही आर्थर खाली बसून त्याचे आभार मानतो. तो प्रसंग ज्यांच्या मनाला लागतो, त्यांनी आधी कित्येक तास खरारा केलेला असतो. त्या तासांशिवाय तो प्रसंग नुसता पाहण्यापुरता राहिला असता.

महाभारतात या जागी ठेवता येईल असा एक प्रसंग आहे. द्रोणपर्वात, जयद्रथवधाच्या दिवशी, भर रणात अर्जुनाचे घोडे थकतात. अर्जुन बाणाने भूमी भेदून पाणी काढतो, बाणांचाच आडोसा उभारतो, आणि कृष्ण घोडे सोडून त्यांच्या अंगातले बाण काढतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो, चारतो. सूर्यास्तापर्यंत जयद्रथाला मारायची प्रतिज्ञा आहे आणि घटका मोजून उरल्या आहेत. महाकाव्ये एरवी असले काम झाकून ठेवतात. सैन्याला रोज कोण रांधून घालत होते हे युद्धपर्वांत शोधावे लागते. इथे व्यासांनी युद्ध थांबवून ते दाखवले. योगक्षेम या जोडशब्दाचा अर्थ शंकराचार्य असा करतात की न मिळालेले मिळवणे हा योग आणि मिळालेले राखणे हा क्षेम. खेळांच्या जाहिरातींत सगळा योग असतो: नवे प्रदेश, नवी शस्त्रे. डागडुजी आणि निगा हा क्षेमाचा भाग, आणि तो नावातही दुसराच येतो.

क्षेमाला एक काळी बाजू आहे. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थाने, पंचसूना, सांगितली आहेत: चूल, पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. रोजचे साधे जगणे चालवतानाच जीव मरतात, म्हणून रोजचे पंचमहायज्ञ. बहुतेक खेळांत हे दिसत नाही. हरिण पडले की मांस झोळीत येते. ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ मात्र कातडे सोलताना पाहायला लावतो, आणि ‘द लाँग डार्क’मध्ये मांस काढायला वेळ लागतो, तेवढ्यात थंडी वाढते. खेळाडूला ते नकोसे वाटते. वाटावेच.

दुसऱ्यासाठी केलेल्या निगेचा सगळ्यात विचारपूर्वक प्रयोग हिदेओ कोजिमा यांच्या 2019च्या ‘डेथ स्ट्रँडिंग’मध्ये आहे. तिथला पाऊस ज्यावर पडेल त्याला म्हातारे करतो. पूल आणि निवारे त्याने झिजतात. कोकणात पावसाआधी घर शाकारावे तसे ते पुन्हा पुन्हा दुरुस्त करावे लागतात. पण पूल बहुधा दुसऱ्याच कुणी खेळाडूने बांधलेला असतो, जो कधी भेटत नाही, आणि दुरुस्तीचा लाभ तिसऱ्याला होतो. जनाबाईंच्या परंपरेत विठ्ठल दळणकांडण नाहीसे करत नाही, तो जात्याचा खुंटा दुसऱ्या बाजूने धरतो. काम तेवढेच राहते, हात वाढतात.

काम यंत्राकडे सोपवल्यावर काय उरते, हे एरिक बरोन यांच्या 2016च्या ‘स्टारड्यू व्हॅली’त पाहता येते. सुरुवातीला रोज सकाळी प्रत्येक रोपाला झारीने पाणी घालावे लागते. नंतर तुषारसिंचन मिळते: सर्वात साधे शेतातल्या चार चौकटींना पाणी देते, सर्वात भारी चोवीस चौकटींना. पाण्यासाठी कोणी फार हळहळत नाही. रोपाला पाणी कुणी घातले याने फरक पडत नाही. गायी-कोंबड्यांना मात्र रोज हाताने कुरवाळायचे असते. त्यासाठीही पुढे एक यंत्र आले. ते लावले की जनावरांची माया वाढत राहते, पण हाताने कुरवाळल्यावर वाढते त्यापेक्षा कमी.