पडद्यावरील वधस्तंभ



आमच्या नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांचे नाव आपण ऐकिले असेलच. १९१०च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्राचे मूक चलच्चित्र पाहिले. पडद्यावर प्रभूचे चरित्र चालू असता आपल्या मनश्चक्षूंपुढे राम व कृष्ण, अयोध्या व गोकुळ ही उभी राहिली, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेविले आहे.

हे ऐकून आपल्यातील कित्येक बंधू खिन्न होतात. प्रभूचे चरित्र पाहूनही हा मनुष्य प्रभूकडे का वळला नाही, असे ते विचारतात. आम्हांस मात्र दुसराच प्रश्न पडतो. ते चित्र पाहून फाळक्यांनी काय वेचिले, आणि आपण काय वेचितो?

त्यांनी पत्नी सरस्वतीबाई यांसही ते चित्र नेऊन दाखविले. पाहण्याच्या व अभ्यासाच्या अतिश्रमाने काही काळ त्यांची दृष्टी अधू झाली. मनुष्य आपल्या मरणानंतर बायकामुलांची सोय व्हावी म्हणून आयुष्याचा विमा उतरवितो. तो विमाही त्यांनी गहाण टाकिला. १९१२ साली ते विलायतेस जाऊन ही विद्या शिकून आले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. पुत्र मेला तरी स्मशानातही सत्य न सोडणाऱ्या राजाची ती कथा होय.

आता आमची गोष्ट ऐका. काही वर्षांपूर्वी एका खेड्यात उत्तम शुक्रवारी देवळापुढे पडदा लावून आम्ही ख्रिस्तचरित्राचा चित्रपट दाखविला. गेथशेमाने बागेत शिष्य झोपी गेलेले पाहून मंडळीस राग आला. वधस्तंभ दिसताच बायाबापड्या रडू लागल्या. आमचेही डोळे ओले झाले. इतक्यात एक मुलगा निरोप घेऊन आला. मंडळीतील एक वृद्ध बंधू गावाच्या टोकास अखेरच्या दुखण्यात होते, व आम्हांस बोलावीत होते. आम्ही म्हटले, “एवढे चित्र संपू दे, मग येतो.” चित्र संपले, चहा झाला, पडदा गुंडाळिला. आम्ही पोहोंचलो तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. त्यांची पत्नी एवढेच म्हणाली, “पाळकसाहेब, त्यांनी दोनदा तुमचं नाव घेतलं.”

ज्या शिष्यांचा आम्हांस राग आला, त्यांहून आम्ही काय निराळे होतो? त्या रात्री प्रभूने त्यांजजवळ थोडे जागरणच मागितले होते, आणि त्या वृद्धानेही आम्हांजवळ तेच मागितले.

यात दोष चित्राचा नव्हे. पण पडद्यावरील मरण आपणांजवळ काही मागत नाही. त्यास दुर्गंध नाही, पाणी पाजावे लागत नाही, हात धरावा लागत नाही. दिवे लागले की उठून घरी जाता येते. म्हणून तेथे आलेले अश्रू खोटे नसले, तरी तो विश्वास नव्हे. ते केवळ बीज होय. ‘हरिश्चंद्रा’च्या आधी फाळक्यांनी भांड्यात वाटाणा पेरून त्याची वाढ चित्रित केली होती. दाणा मुठीत ठेविला असता, तर चित्रित करण्यासारखे काहीच घडले नसते. पाहिलेली गोष्टही अशीच कोठेतरी पेरावी लागते.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे फाळके निवर्तले. त्यांनी काढिलेल्या पुष्कळ चित्रपटांच्या फिती आज उरल्या नाहीत. छाया दाखविणाराही जातो आणि छायाही जाते. ज्यांनी प्रभूस आपला प्रभु म्हटले नाही, त्यांनी एका दर्शनासाठी विम्यासकट सर्व पणास लाविले. ज्यांनी म्हटले, त्या आम्हांस अर्धा तास देववला नाही.

तर उपदेशक बंधूंनो, यापुढे गावात पडदा लावाल तेव्हा आधी एवढे विचारा की, आज येथे कोण आजारी आहे? प्रथम त्याच्या उशाशी जाऊन बसा. चित्र थोडे उशिरा सुरू झाले तरी चालेल.