तक्त्यात नसलेला माणूस

रॉकेटच्या पोटात एक केसासारखी तार असते. आम्ही तिला ब्रिजवायर म्हणतो. पुरेसा विद्युतप्रवाह मिळाला की ती तापते, भोवतीची दारू पेटते आणि पुढचं सगळं त्यातून घडतं. तो प्रवाह नको त्या क्षणी तिथवर पोचू नये, हे बघणं माझं काम. १ अँपिअर प्रवाह ५ मिनिटं वाहिला तरी स्क्विब, म्हणजे ही तार आणि तिच्याभोवतीची दारू, पेटता कामा नये, असा आमच्याकडे एक रुळलेला निकष आहे. त्यावर शिल्डिंग, अर्थिंग, शेवटपर्यंत न काढायचा शॉर्टिंग प्लग. रडारच्या लहरी, माणसाच्या अंगावरची स्टॅटिक वीज, पुरवठा बदलताना बसणारा झटका, या सगळ्यांशी माझं रोजचं वैर आहे.

हे काम मला मनापासून आवडतं. २९ जुलै १९६७ ला व्हिएतनामजवळच्या समुद्रात अमेरिकेच्या ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू जहाजावर एका विमानाची वीज बाहेरच्या पुरवठ्यावरून आतल्या पुरवठ्यावर वळवताना असाच झटका आला आणि पंखाखालचं झुनी रॉकेट डेकवरच सुटलं. १३४ माणसं गेली. सेफ्टी पिन आधीच निघालेली होती. उड्डाणापूर्वी अगदी शेवटच्या क्षणी जोडायची केबलही वेळ वाचावा म्हणून आधीच जोडलेली होती. आपल्याकडे ३१ मे २०१६ ला पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, तेव्हा अधिकारी, जवान आणि आग विझवायला धावलेले कर्मचारी गेले. अशी माणसं संध्याकाळी घरी परतावीत म्हणून कुणीतरी तारांकडे संशयाने बघत बसायला हवं. ते मी करतो, आणि त्याचा मला अभिमान आहे.

पण याच अभिमानाच्या आड मी फार काळ निवांत बसलो, असं आता वाटतं. ‘मी शस्त्रं बनवत नाही, ती सुरक्षित करतो’ हे वाक्य मी इतरांना जितक्या वेळा ऐकवलं, त्याहून जास्त वेळा स्वतःला ऐकवलं.

९ मार्च २०२२ ला भारताचं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. जीवितहानी झाली नाही. पुढे चौकशीत ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नसल्याचं निघालं आणि हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढण्यात आलं. बातमी वाचताना मी आधी मनातल्या मनात सर्किटच्या मागे लागलो. ते सवयीने झालं. मग मियाँ चन्नूतल्या एखाद्या घराचा विचार आला. ते क्षेपणास्त्र त्या घरावर पडलं असतं, तर आमच्या हॅझार्ड अ‍ॅनालिसिसच्या तक्त्यात ती घटना सर्वांत वरच्या, ‘कॅटॅस्ट्रॉफिक’ रकान्यात गेली असती. तेच घर, तीच माणसं, पण सोडण्याचा हुकूम रीतसर आलेला असता, तर तक्त्यात काहीच लिहावं लागलं नसतं. माझ्या दृष्टीने प्रणाली नीट चालली असती.

या विचारापासून मला पळता येत नाही. चुकून मरणाऱ्या माणसासाठी मी दशलक्षात एक अशी शक्यताही जास्त मानून भांडतो. ठरवून मारल्या जाणाऱ्या माणसाबद्दल माझ्या कागदावर एक ओळ नाही.

हुकूम देणारे वेगळे आहेत, निवडून आलेलं सरकार आहे, शेजारही साधा नाही. ही उत्तरं मला खरी वाटतात, म्हणून मी नोकरी सोडलेली नाही. देशाला शस्त्रं लागतात, असंच माझं मत आहे. तरीही एवढं मान्य करायला हवं, की भरलेलं शस्त्र वस्तीजवळ, जवानांच्या उशाशी ठेवता येतं ते माझ्यासारख्याच्या सहीमुळे. मी त्याला सुरक्षित केलं म्हणून ते वापरण्याजोगं झालं. मी त्या साखळीच्या बाहेर उभा नाही.

मग माझ्या हातात काय आहे, हे शोधताना एक जागा सापडली. डागलेल्या दारूगोळ्यातला काही फुटत नाही. तो शेतात पडून राहतो, युद्ध संपतं, आणि वर्षांनंतर नांगर किंवा एखादं पोर त्याला हात लावतं. व्हिएतनामशेजारच्या लाओसमध्ये हे अजून चालू आहे. तिथे कुणाचाही हुकूम नसतो. तो निव्वळ अपघात आहे, म्हणजे माझ्या धंद्याच्या व्याख्येतच बसतो. ठरावीक वेळेत फ्यूज स्वतःच दारूगोळा फोडून टाकेल किंवा त्याची बॅटरी संपून तो निकामी होईल, अशी रचना करता येते. ती शंभर टक्के चालत नाही, खर्च वाढतो, सर्किटची गुंतागुंतही वाढते. क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणाऱ्या २००८ च्या करारावर भारताची सही नाही, त्यामुळे बाहेरून कुणी मला जाब विचारायला येणार नाही.

आमचा तक्ता कारखान्यापासून डागण्यापर्यंत बारकाईने चालतो आणि तिथे पातळ होतो. पुढच्या आढाव्यात त्याखाली एक ओळ वाढवा, असं मी लेखी मागणार आहे: न फुटलेला दारूगोळा, परक्या शेतात, लढाईनंतर. ‘हा आपल्या कक्षेतला प्रश्न नाही’ असं उत्तर येईल, याची मला जवळजवळ खात्री आहे. त्या उत्तरानंतर मी खाली सही करीन की नाही, हे अजून माझं ठरलेलं नाही.