भूक नसलेला मासा

माणसाला एखादी गोष्ट येत नाही, तेव्हा त्याची खरी परीक्षा होत नसते. जे उत्तम येते तेच एके दिवशी चालेनासे होते, तेव्हा ती होते. अशा वेळी जाणत्याने काय करावे? मला हा प्रश्न कौशल्याचा वाटत नाही, नीतीचा वाटतो.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात स्थायिक झालेला माझा एक माजी विद्यार्थी गळाने मासे धरण्याचा मोठा शौकीन आहे. या प्रश्नाचे चांगले उदाहरण मला त्याच्या पत्रांत सापडले.

मिनेसोटाचा अधिकृत राज्य-मासा वॉलआय. मांजराप्रमाणे त्याच्याही डोळ्यांत प्रकाश परतवणारा थर असतो. त्यामुळे अंधुक उजेडात त्याला चांगले दिसते आणि पहाटे किंवा तिन्हीसांजेला तो लहान मासे टिपतो. त्याला धरणारा बारीक दोरा घेतो, तळाजवळ आमिष हळूहळू नाचवतो आणि बोटाला जेमतेम जाणवेल अशा टिचकीची वाट पाहतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने ही विद्या अंगात मुरते. मात्र ती सगळी एकाच गृहीतावर उभी असते : मासा भुकेला आहे.

हा गडी एका शरदात मिशिगन राज्यातील मॅनिस्टी नदीवर ‘किंग सॅमन’ धरायला गेला. आपल्याकडे रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण हा मासा वेगळा. तो मूळचा पॅसिफिक महासागराचा. मिशिगन सरोवरात १९६७ साली माणसाने मुद्दाम आणून सोडलेला. त्या काळी अलेवाइफ या बाहेरून शिरलेल्या लहान माशाचा तेथे सुळसुळाट झाला होता आणि मेलेल्या अलेवाइफांचे थर किनाऱ्यावर साचत होते. किंग सॅमन त्यांच्यावर पोसला. काही वर्षे सरोवरात वाढल्यावर तो अंडी घालण्यासाठी नदीत चढतो. नदीत शिरल्यावर त्याचे खाणे थांबते, पोट आक्रसते. अंडी घातली की तो मरतो. समोर धरलेल्या चविष्ट आमिषाशी त्याला काही कर्तव्य उरलेले नसते.

म्हणजे वॉलआयवाल्याच्या विद्येचा पायाच येथे निखळतो. पाण्यात हातभर लांबीचे मासे डोळ्यांना दिसत असतात आणि एकही तोंड उघडत नाही. अशा वेळी पुढे दोन वाटा असतात. पहिली सोपी : गळ पाण्यातून झटक्याने ओढायचा आणि माशाच्या पाठीत, पोटात, जिथे रुतेल तिथे रुतवायचा. मिशिगनच्या कायद्याने याला मनाई आहे; तोंडाखेरीज अन्यत्र गळ लागलेला मासा लगेच पाण्यात सोडावा लागतो. दुसरी वाट विद्यार्थी होण्याची. नदीतला सॅमन भुकेने नव्हे, तर चिडून किंवा जुन्या सवयीने तोंड मारतो, असे जाणकार मानतात. म्हणून त्याच्या वाटेत, अगदी तोंडासमोर, पुन्हा पुन्हा गळ न्यावा लागतो. मासा लागला तरी ओढाताण चालत नाही. तो उसळून पळतो, त्याला पळू द्यावे लागते.

कोणी म्हणेल, शेवटी गळ तो गळच. माशाला त्यात काय सुख? आक्षेप खरा आहे आणि माशाच्या बाजूने मला त्याला उत्तर नाही. माणसाच्या बाजूने मात्र फरक उरतो. एक जण समोरच्याचा स्वभाव ओळखून थांबतो, दुसरा आपल्या अज्ञानाची भरपाई जबरदस्तीने करतो.

माझ्या पेशात हा प्रसंग रोजचा आहे. आम्हा शिक्षकांची सारी विद्याही मुलाला गुणांची भूक आहे, या गृहीतावर उभी असते. ज्याला ती भूक नाही, अशा मुलापुढे आमची हातोटी निकामी होते आणि पूर्वी अशा वेळी हात छडीकडे जात असे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी केली. पण कायदा फक्त पहिली वाट बंद करतो. दुसरीवर स्वतःलाच चालावे लागते.

आपल्या सीमाभागात तर हे दोन भाषांच्या उंबरठ्यावर सतत घडते. मराठी घरातले मूल कन्नडच्या तासाला ‘अवसर’ शब्द वाचते आणि त्याला ‘संधी’ समजते. कन्नडमध्ये त्याचा अर्थ घाई! ओळखीचे रूप अनोळखी अर्थ लपवून बसलेले असते. मूल निदान चुकते आणि शिकते. मोठी माणसे शेजाऱ्याच्या भाषेवरच चिडतात.

मग जुने ज्ञान फेकून द्यायचे का? मुळीच नाही. पाण्याचा प्रवाह वाचण्याची नजर, बोटांतली जाग आणि रिकाम्या हाताने परतण्याची तयारी वॉलआयनेच त्या गड्याला शिकवली होती. नदीवर तीच उपयोगी पडली. निकामी ठरले ते नियम. लक्ष देण्याची सवय सर्वत्र चालते, नियम ज्याचे त्याच्यापाशीच राहतात. हा भेद ज्याला कळला, त्याला पन्नाशीतही पहिल्या बाकावर बसण्याची लाज वाटू नये.