रोवणी, मंडई आणि शाळेचं वेळापत्रक

जूनच्या मध्याला उरलेल्या महाराष्ट्रात शाळेची घंटा वाजते. विदर्भात उन्हाची धग ओसरायची वाट पाहावी लागते, म्हणून आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीला उघडते. भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, लाखांदूर तालुक्यात, तोवर धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकून झालेले असतात. नवी पुस्तकं हातात पडतात, वह्यांना कव्हरं चढतात आणि पाऊस नीट लागला की रोवणी सुरू होते. चुलबंद आणि वैनगंगेच्या काठच्या या धानाच्या मुलखात रोवणीच्या दिवसांत घरातला प्रत्येक हात लागतो. आई सकाळीच धानाच्या बांधीत उतरते. मग धाकट्या भावाला कोण सांभाळणार, गुरांना कोण सोडणार, शेतावर भाकरी कोण नेणार? बहुतेक घरांत याचं उत्तर एकच असतं: सातवी-आठवीतली मुलगी.

विद्यार्थ्यांनी वेळेचं नियोजन कसं करावं, यावरची पुस्तकं आणि व्याख्यानं आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहेत. पहाटे उठा, दिवसाचा तक्ता भिंतीवर लावा, अवघड विषय आधी घ्या. सल्ले चुकीचे नाहीत. पण दिवस मुलाच्या हातात आहे, असं ते धरून चालतात. या मुलीचा दिवस तिच्या हातात नसतो. तो आधी शेताचा असतो, मग घराचा, मग एसटीचा. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे आणि ही फार मोलाची सोय आहे, पण गाडी केव्हा येईल हे पास सांगत नाही. नदीला पूर आला, रस्ता पाण्याखाली गेला की तो दिवस गेलाच. एवढं सगळं वजा करून उरलेल्या वेळाला आपण ‘अभ्यासाची वेळ’ म्हणतो, आणि तोही वाया गेला की मुलीला आळशी म्हणतो.

मला हे अन्यायाचं वाटतं. मुलाच्या वेळेबद्दल बोलायचं तर त्या वेळेवर कोणाकोणाचा हक्क आहे, हे आधी बोललं पाहिजे. शिस्तीचा मुद्दा त्याच्या नंतरचा.

शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीसाठी 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन ठरवलेलं आहे. वर्षाचे तास 8760. म्हणजे आठवीतल्या मुलीला वर्ग मिळतो तो पुऱ्या वर्षाच्या साडेअकरा टक्क्यांहूनही कमी. दिवसाला साधारण साडेचार तास. या तासांतलेच रोवणीत आठ-दहा दिवस गेले, धानकापणीत चार-पाच गेले, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलं वेचण्यात सकाळी गेल्या, तर खाडा केवढा मोठा होतो ते कळतं. त्यात पुन्हा रोवणीचे दिवस नेमके जुलै-ऑगस्टचे. गणितात नवी प्रकरणं तेव्हाच सुरू होतात. अपूर्णांकांचा पाया त्या आठवड्यात झाला आणि मुलगी बांधीवर होती, तर पुढे मार्चपर्यंत ती वर्गात बसूनही वर्गाबाहेर राहते. तिला शाळा नकोशी होते, आणि नकोशी झालेल्या शाळेत कुठलंही वेळापत्रक टिकत नाही.

हा पेच नवा नाही आणि तो सोडवायचा प्रयत्न मराठी माणसांनीच फार सुंदर केला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखायला जातात, हे त्यांनी पाहिलं. मुलांना दोष देत बसण्याऐवजी त्यांनी शाळाच कुरणात नेली. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली बसली आहेत आणि भोवतालची पानं, दगड, बिया हेच शिकवण्याचं साहित्य, अशी ती कुरणशाळा. पुढे चित्राताई नाईक यांनी 1979 पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत दिवसा राबणाऱ्या मुलांसाठी, त्यातही मुख्यतः मुलींसाठी, रात्रीचे वर्ग चालवले. ज्या मुलींना दिवसा वेळच नव्हता, त्या दिवसभराचं काम उरकून आपणहून तिथे येत. या दोन्ही प्रयोगांचा शिकवण्याच्या पद्धतीबद्दल पुष्कळ गौरव झाला. मला त्यांतली मोठी गोष्ट वेगळी दिसते: या बायांनी मुलाचा दिवस बारकाईने पाहिला आणि त्यातला मोकळा तुकडा शोधला.

तोच तुकडा आज मुलांनी स्वतःही शोधावा, असं मला मनापासून वाटतं. मोठ्या माणसांनी आपलं काम केलं तरी आणि नाही केलं तरीही. एक आठवडा नुसतं लिहून ठेवावं: कोणता वेळ कशात गेला. गाडीची वाट पाहण्यात किती, पाणी भरण्यात किती, मोबाइलवर किती. यात मोबाइलचा आकडा आपल्या मुलांनाच चकित करील, कारण कामात बुडालेल्या मुलालाही रात्री उशाशी तो सापडतोच. मग दिवसातला एक वेळ असा धरायचा, जो कोणी मागत नाही. कोणाला तो पहाटे सापडेल, कोणाला एसटी थांब्यावर, कोणाला जेवणानंतर. अर्ध्या तासाचा असला तरी चालेल, पण रोजचा हवा.

अर्ध्या तासाने काय होणार, असं वाटेल. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस याने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि पहिल्या एक-दोन दिवसांत झपाट्याने विसरलं जातं, आणि तेवढीच उजळणी एका बैठकीत कोंबण्यापेक्षा दिवसांवर वाटली तर कमी श्रमात लक्षात राहते. नंतरच्या संशोधनाने याला दुजोराच दिला. म्हणजे परीक्षेआधीच्या जागरणांपेक्षा वर्षभराचा रोजचा अर्धा तास खरोखरच वरचढ ठरतो, आणि ज्या मुलांकडे सलग चार तास कधीच नसतात त्यांच्यासाठी ही मोठीच आशा आहे. वाचलेलं पुस्तक मिटून, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहून पाहावं. शिकवणीला पैसे नसलेल्या घरातही ते जमतं. झोप मात्र कापू नये. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेचे अभ्यासक सांगतात. लहानांच्या झोपेचा विचार शासनानेही उशिरा का होईना केला आणि चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं 2024 मध्ये ठरवलं. दहावीच्या मुलाच्या झोपेबद्दल मात्र आपण बोलायलाच तयार नसतो.

आता झोपेचा विषय निघालाच आहे, तर झाडीपट्टीतला, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातला, नेहमीचा वाद टाळता येणार नाही. भाऊबीज झाली की गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, भरू लागते. दंडार हे लोकनाट्य रंगतं, आणि जिल्ह्याच्या हद्दीपलीकडच्या वडशातून निघालेल्या नाटक मंडळ्या होळीपर्यंत गावं जागवतात. पडदा रात्री उशिरा उघडतो, नाटक उजाडेपर्यंत चालतं. पाहुणे येतात, घर भरतं, आणि दहावीतलं पोर चादर घेऊन मांडवात पुढची जागा धरतं. नेमका हाच अभ्यासाचा मोसम. दुसऱ्या दिवशी वर्गात डुलक्या घेणारी मुलं पाहून गुरुजी चिडतात, तेही समजण्यासारखं आहे.

तरीही मी त्या पोराच्या बाजूचा आहे. आपल्या गावच्या मंडईचं एक नाटक, एक रात्र, त्याला मिळालंच पाहिजे. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. जिथे आपली बोली, आपली माणसं, आपला विनोद रंगमंचावर उभा राहतो, ती रात्र शिक्षणाच्या खात्यातच जमा धरावी. मुलाला गावोगावच्या प्रत्येक नाटकाला जावंसं वाटलं, तर निवड त्याने करायला हवी, आणि ही निवड करता येणं म्हणजेच वेळेचं नियोजन. चार नाटकांपैकी कोणतं पाहायचं हे घरात बसून मुलालाच ठरवू द्या. ठरवलेल्या दिवशी तो मोकळ्या मनाने जाईल, आणि उरलेल्या तीन रात्री झोपेल. सरसकट बंदी घातली तर तो चोरून जातो, ना नाटक रंगतं ना अभ्यास.

शाळेतल्या आनंदाचंही असंच आहे. कबड्डी, स्नेहसंमेलन, मधल्या सुट्टीतली खिचडीची पंगत, मैत्रिणीबरोबर घरापर्यंत चालत जाणं, हे सगळं अभ्यास संपल्यावर मिळणारं बक्षीस म्हणून आपण मुलांसमोर धरतो. अभ्यास कधी संपतच नाही, म्हणून बक्षीसही येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेत विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे आणि भारताने ती 1992 मध्ये स्वीकारली. शेतातून थेट वर्गात आलेल्या मुलीला मैदानावरचा एक तास ज्या दिवशी मिळतो, त्या दिवशी ती गणितालाही थांबते.

राहिला तो रोवणीचा आठवडा. 2016 च्या बालकामगार कायद्यातल्या दुरुस्तीप्रमाणे शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत घरच्या कामाला हात लावायला मुलांना मुभा आहे. शाळा बुडवून नाही. मुलींनी बांधीत उतरावंच, असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्या घरी अडकतात हे खरं असेल, तर त्यांच्या गैरहजेरीत अपूर्णांक शिकवून पुढे निघून जाणं हे शाळेचंही अपयश आहे. शिक्षण हक्क कायद्याचं नववं कलम शैक्षणिक वर्षाचं कॅलेंडर ठरवण्याचं काम स्थानिक प्राधिकरणाकडे सोपवतं. आपल्याकडे ते मुख्यतः जिल्हा परिषदेकडे येतं. 220 दिवस तसेच ठेवून धानाच्या तालुक्यांत रोवणीच्या ऐन दिवसांत नवा पाठ सुरू करायचा नाही, गेल्या वर्षीची उजळणी, वाचन आणि खेळ घ्यायचे, नवी प्रकरणं रोवणी उरकल्यावर हाती घ्यायची, एवढा बदल ठरावाने करता येण्यासारखा आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक बसतातच. आपल्या गावात रोवणी कोणत्या आठवड्यात ऐन भरात असते, हे त्यांच्याइतकं नेमकं कोणाला माहीत असणार? येत्या मे महिन्याच्या बैठकीत हा विषय पटलावर घ्यावा, आणि त्या बैठकीला आठवीतल्या दोन मुलींनाही बोलवावं.