जाणवणे आणि विसंबणे

नगरच्या प्रॉटेस्टंट उपासनेत काय किंवा वसईच्या कॅथॉलिक प्रार्थनासभेत काय, साक्ष देण्याचा प्रघात चांगलाच रुजलेला आहे. कोणी उठतो आणि सांगतो, की अमुक रात्री प्रार्थनेत प्रभू शेजारी असल्याचे जाणवले, मन शांत झाले. अशा साक्षी बहुधा प्रामाणिक असतात. अडचण होते ती ऐकणाऱ्याची. वर्षानुवर्षे उपासनेला येणारा, शेजारच्या आजाऱ्याला डबा पोहोचवणारा, पण प्रार्थनेत काहीच न जाणवणारा माणूस त्या सभेत गप्प बसतो आणि मनाशी ठरवून टाकतो, की यांची श्रद्धा खरी आणि आपली नुसती सवयीची. हा हिशेब मुळातच उलटा मांडलेला आहे, असे मला वाटते. देवाचे सान्निध्य जाणवणे ही देणगी आहे. ती सगळ्यांना मिळत नाही आणि मिळाली तरी टिकेलच असे नाही. श्रद्धा म्हणजे विसंबणे, आणि माणूस देवावर विसंबला होता की स्वतःच्या अनुभवावर, हे तो अनुभव ओसरल्याखेरीज कळत नाही.

याचा सर्वांत ठळक पुरावा मदर तेरेसांच्या पत्रांत आहे. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत त्यांना गरिबांत जाऊन राहण्याची हाक आली आणि पुढचे काही महिने ख्रिस्त आपल्याशी बोलतो आहे असा अनुभव येत राहिला. कोलकात्याच्या वस्त्यांत काम प्रत्यक्ष सुरू झाले आणि आतला आवाज थांबला. १९५८ मधले काही आठवडे वगळले तर हा कोरडेपणा १९९७ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत सरला नाही. ही पत्रे नष्ट करा, अशी विनंती त्यांनी केली होती. ती मानली गेली नाही. २००७ मध्ये पत्रे पुस्तकरूपाने आली आणि भाविकांना धक्का बसला. या हकिकतीत पुण्याचाही एक दुवा आहे. पुण्यात धर्मगुरूंना शिकवणारे ऑस्ट्रियन जेझुइट फादर योसेफ नॉयनर यांच्यापाशी मदर १९६१ च्या सुमारास मोकळ्या झाल्या. नॉयनर यांनी हा अंधार घालवण्याचा उपाय सांगितला नाही. यात तुमचा दोष नाही, ख्रिस्त जाणवणे हाच त्याच्या असण्याचा एकमेव पुरावा नव्हे, त्याची ओढ लागणे हीही त्याच्या असण्याची खूण आहे आणि ही अंधारी अवस्था तुमच्या कामाचाच भाग आहे, असा त्यांच्या सल्ल्याचा आशय होता. अंधार तसाच राहिला, पण मदर त्याच्याशी भांडायच्या थांबल्या. पहाटेची प्रार्थना, मिस्सा आणि दिवसभराचे काम यांत खंड पडला नाही.

नास्तिक लेखक ख्रिस्टोफर हिचेन्स यांनी या पत्रांचा अगदी वेगळा अर्थ लावला. त्यांच्या मते धर्म ही मानवी निर्मिती आहे हे या बाईंनाही आतून उमगले होते. कबूल करण्याची सोय मात्र नव्हती. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. देव जाणवला तर तो आहे आणि नाही जाणवला तरी तो लपलेला आहे, असे म्हणणाऱ्याला कोणताच पुरावा खोटे पाडू शकत नाही. देवाची ओढ लागते हीच त्याच्या असण्याची खूण, हा नॉयनर यांचा मुद्दाही एकटा उभा राहत नाही. मेलेल्या माणसाचीही ओढ लागतेच. पण माझे म्हणणे अनुपस्थितीवरून उपस्थिती सिद्ध होते असे नाहीच. ख्रिस्ती विश्वासाचा आधार पहिल्यापासून वेगळ्या जागी आहे. ज्या धर्माचा प्रभू वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राच्या शब्दांत देवाने आपल्याला का टाकले असे विचारून प्राण सोडतो, त्या धर्माला जाणिवेला कसोटी करता येत नाही. केली तर पहिला नापास खुद्द येशूच ठरेल. विश्वास आहे तो त्या मरणाबद्दल आणि पुनरुत्थानाबद्दल मंडळीने दिलेल्या साक्षीवर. ती साक्ष खोटी असू शकते, तिची ऐतिहासिक चिकित्सा होते आणि झाली पाहिजे. म्हणजे हा विश्वास चुकू शकतो. फक्त तो चुकला की नाही हे आज सकाळी प्रार्थनेत कसे वाटले यावरून ठरत नाही. विश्वासाची दुसरी कसोटी शुभवर्तमानाने फळांवर ठेवली आहे. मदर तेरेसांच्या आश्रमांत वेदनाशमनाची आणि वैद्यकीय देखभालीची हेळसांड होते अशी टीका झाली, तिचे महत्त्व इथे आहे. ती टीका मला त्यांच्या कोरडेपणापेक्षा कितीतरी गंभीर वाटते.

उलट बाजूचा आक्षेपही पाहू. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुऱ्हमन यांनी व्हिनयार्ड नावाच्या इव्हँजेलिकल मंडळ्यांत राहून अभ्यास केला. त्यावरचे त्यांचे पुस्तक २०१२ मध्ये आले. तिथे देवाशी मित्रासारखे बोलायचे शिकवले जाते, इतके की प्रार्थनेला बसताना देवासाठी कॉफीचा दुसरा कप भरून ठेवण्याचा सल्ला मिळतो. ज्यांचा स्वभाव कल्पनेत रंगून जाणारा आहे आणि ज्यांनी सराव केला आहे, त्यांना असे अनुभव अधिक येतात, असे लुऱ्हमन यांना आढळले. मग हे सान्निध्य माणसानेच घडवलेले ठरत नाही का? तसे ठरत नाही. सरावाने कान तयार झालेल्याला रागातला कोमल स्वर नेमका ऐकू येतो, म्हणून तो स्वर त्याच्या कानाने निर्माण केलेला नसतो. अर्थात यातून देव आहे असेही सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच, की जाणीव बरीचशी स्वभावावर अवलंबून असते. आणि जे स्वभावावर अवलंबून आहे त्यावरून कोणाच्या श्रद्धेची प्रतवारी करणे अन्यायाचे आहे.

सान्निध्याचे नाव निघाले की ब्रदर लॉरेन्सचा दाखला हटकून येतो. हा सतराव्या शतकातला पॅरिसच्या कार्मेलाइट मठाचा आचारी. भांडी घासतानाही देवाशी रममाण झालेला गोड संत, असे त्याचे चित्र रंगवले जाते. मूळ संभाषणे वाचली तर वेगळाच माणूस दिसतो. स्वयंपाकघराचा त्याला उपजत तिटकारा होता. पाय अधू. मठासाठी दारू खरेदी करायला बर्गंडीला पाठवले, तेव्हा नावेत त्याला पिंपांवरून लोळत सरकावे लागे. व्यवहार आपल्याला कळत नाही हे ठाऊक असल्यामुळे त्याने देवाला सांगून टाकले, की हे काम तुझे, तूच बघ. आणि दारू आणली. त्याची पहिली कित्येक वर्षे भय आणि आत्मक्लेशात गेली होती. त्याच्या साधनेत गोड वाटण्याला फार जागा नाही. भरकटलेले लक्ष पुन्हा देवाकडे वळवायचे, पुन्हा भरकटले तर पुन्हा वळवायचे, आणि तेवढ्यात ऑम्लेट करपू द्यायचे नाही. आपल्याकडेही लक्षात राहते ते जाणवणेच. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ मध्ये उसळलेले पुनरुज्जीवन, मुलींचे रडणे आणि एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करणे, यावर पुष्कळ लिहिले गेले. स्वतः रमाबाई त्याच काळापासून १९२२ मध्ये निधन होईपर्यंत हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत बसल्या, त्याची आठवण मात्र क्वचितच निघते.

विसंबण्याचा हा विचार गैरवापराला सोपा आहे, हे मान्य केले पाहिजे. मारहाण सोसणाऱ्या बाईला देवावर भरवसा ठेव म्हणून घरी परत पाठवणारा पाळक, किंवा नैराश्याने ग्रासलेल्याला डॉक्टरऐवजी उपास सुचवणारे हितचिंतक विश्वास शिकवत नाहीत, जबाबदारी टाळतात. बायबलने दुःखी माणसाला गप्प बसायला सांगितलेले नाही. स्तोत्रसंहितेत तक्रारीची स्तोत्रे भरपूर आहेत, आणि ८८ वे स्तोत्र तर कुठलाही दिलासा न देता अंधारातच संपते. संहिता सिद्ध करणाऱ्यांना शेवटी दोन आशेच्या ओळी जोडणे अवघड नव्हते. त्यांनी ते केले नाही. आपल्या साक्षीच्या सभांत हे स्तोत्र सहसा वाचले जात नाही. ते वाचावे, आणि त्यानंतर ज्याला वर्षानुवर्षे काही जाणवलेले नाही त्यालाही, तो इच्छुक असेल तर, साक्ष देऊ द्यावी.